डोकं दुखायचं थांबलं, म्हणून गोळी थांबवायची का?

«नमस्कार डॉक्टर,
माझं वय २९. कऱ्हाडजवळ राहते, पतसंस्थेत नोकरी करते. गेल्या दिवाळीपासून डोकं दुखायला लागलं, सकाळी उठल्यावर जास्त. घरात सगळे पित्त म्हणायचे. पुढे वाकून उठलं की दोन-चार सेकंद डोळ्यांपुढे काळोख यायला लागला, आणि रात्री आडवं झालं की कानात नाडी चालल्यासारखा सूं-सूं आवाज. चष्म्याच्या दुकानात नंबर तपासला, तो होता तोच. शेवटी डोळ्यांच्या डॉक्टरांनी थेंब घालून आतून बघितलं आणि दोन्ही डोळ्यांच्या नसांना सूज आहे म्हणून पुण्याला पाठवलं. एमआरआय झाला. गाठ नाही म्हणाले, पण रिपोर्टमध्ये ‘एम्प्टी सेला’ लिहिलंय. पाठीतून पाणी काढलं, प्रेशर ३४ आलं. डायमॉक्सच्या रोज चार गोळ्या दिल्या आणि वजन कमी करा म्हणाले. मी ८२ किलो आहे, लग्नानंतर तीन वर्षांत १४ किलो वाढले.
दोन महिन्यांत डोकेदुखी जवळजवळ गेली. पण गोळ्यांनी हातापायांना मुंग्या येतात, तोंडाची चव गेली. सासूबाई म्हणतात, दुखायचं थांबलंय तर एवढी उष्ण औषधं कशाला? त्या नाकात तूप सोडायला सांगतात आणि नजरेसाठी कॉड लिव्हर ऑइलच्या कॅप्सूल आणून ठेवल्यात. तीन आठवडे झाले, गोळ्या बंद आहेत. वाचायला अगदी नीट येतं. पुढची तपासणीही राहिली, कारण पुण्याची एक खेप म्हणजे रजा आणि पैसे दोन्ही जातात.
माझ्या मेंदूत पोकळी आहे का? नजर जाईल का? आम्हाला मूल हवंय, त्याचं काय? आणि गौरी-गणपतीत पाळी पुढे ढकलायची गोळी घेतली तर चालेल का?
– स., कऱ्हाड»

स., तुमचे प्रश्न चार आहेत, पण आधी न विचारलेल्या पाचव्याचं उत्तर देते. ज्यांनी डायमॉक्स लिहून दिली त्यांना आज फोन करा. तीन आठवडे गोळ्या बंद आहेत हे आडपडदा न ठेवता सांगा, कितीपासून पुन्हा सुरू करायच्या ते विचारा आणि याच आठवड्यात डोळ्यांची तपासणी करून घ्या. पुढचं सगळं फोन झाल्यावर वाचलंत तरी चालेल. डॉक्टर रागावतील ही भीती असेल, तर थोडं रागावतील. ऐकून घ्या.

आता हे सगळं काय चाललंय ते सांगते. मेंदूभोवती आणि मणक्यात एक स्वच्छ पाणी खेळत असतं. एका वेळी साधारण १५० मिलिलिटर, पण रोज तयार होतं जवळजवळ अर्धा लिटर. म्हणजे दिवसातून तीन-चार वेळा सगळं पाणी नवं होतं आणि जुनं मेंदूच्या शिरांमधून रक्तात निघून जातं. नळ चालू आणि मोरी अर्धवट तुंबलेली, असं झालं की दाब वाढतो. गाठ नाही, गुठळी नाही, जंतुसंसर्ग नाही आणि तरीही दाब जास्त, अशा आजाराला डॉक्टर आयआयएच म्हणतात, म्हणजे इडिओपॅथिक इंट्राक्रेनिअल हायपरटेन्शन. तो बहुतेक करून मूल होण्याच्या वयातल्या, वजन वाढलेल्या बायकांना होतो. हा दाब पाण्याच्या उंचीत, सेंटिमीटरमध्ये मोजतात. निरोगी माणसात तो सहसा २५ च्या खाली असतो, तुमचा ३४ होता. (तुमचं ब्लडप्रेशर वेगळं, त्याचा या आकड्याशी संबंध नाही.)

यात डोळा का सापडतो? डोळ्याची नस म्हणजे मेंदूचाच पुढे आलेला धागा. मेंदूची आवरणं तिच्यावरून थेट डोळ्याच्या गोळ्यामागपर्यंत जातात आणि त्यांच्या आत तेच पाणी असतं. वाढलेला दाब तिथपर्यंत पोचतो आणि नस डोळ्यात शिरते त्या तोंडाशी सुजते. तुमच्या डॉक्टरांनी थेंब घालून पाहिली ती हीच सूज, पॅपिलडीमा. वाकल्यावर येणारा काळोख तिच्यामुळे. रात्रीचा सूं-सूं आवाजही याच आजारात येतो. आडवं झाल्यावर, खोकल्यावर डोकं जास्त दुखणं हेही त्याचंच. त्या डोळ्यांच्या डॉक्टरांचे आभार माना. थेंब घातल्याशिवाय हे कळलं नसतं आणि चष्म्याच्या दुकानात तर कधीच कळलं नसतं.

इथून पुढचा भाग सासूबाईंनाही वाचायला द्या. «वाचायला अगदी नीट येतं» असं तुम्ही लिहिलंय आणि मला काळजी नेमकी त्याच वाक्याची आहे. या आजारात नजर सहसा आधी मधून जात नाही, कडेने जाते. भिंतीवरच्या तक्त्यातली शेवटची ओळ तुम्ही धडाधड वाचाल, नंबर ६/६ येईल, पतसंस्थेतली पासबुकं नीट लिहाल, आणि तेवढ्यातच नाकाच्या बाजूचं खालचं दिसणं हळूहळू झिजत असेल. ते माणसाच्या लक्षात येत नाही, कारण एका डोळ्याची उणीव दुसरा भरून काढतो आणि मान आपोआप वळते. दाराच्या चौकटीला खांदा लागायला लागेपर्यंत बरंच गेलेलं असतं. गेलेलं सहसा परत येत नाही.

म्हणून मोजायची ती फील्ड, म्हणजे समोर बघताना कडेपर्यंत किती दिसतं ते. तपासणीचं नाव पेरिमेट्री. एका डोळ्यावर पट्टी बांधून हनुवटी टेकवायची आणि पांढऱ्या अर्धगोलातल्या मधल्या पिवळट दिव्याकडे एकटक बघायचं. कडेला कुठेतरी मंद ठिपका चमकतो. दिसला की हातातलं बटण दाबायचं, मात्र डोळा हलवून त्याला शोधायला जायचं नाही. एका डोळ्याला पाच-सात मिनिटं लागतात आणि ती संपता संपत नाहीत. बऱ्याच जणी बाहेर येऊन रडवेल्या होतात, «मॅडम, मला अर्धे दिवे दिसलेच नाहीत.» दिसणारच नाहीत. यंत्र मुद्दाम ठिपका इतका मंद करत नेतं की कोणालाही तो दिसू नये, कारण तुमच्या नजरेची नेमकी हद्द त्याला शोधायची असते. पहिली टेस्ट पुष्कळदा बिघडते, दुसरीपासून हात बसतो. शक्यतो सकाळची वेळ घ्या, झोप झालेली असू दे, चष्मा बरोबर न्या. आणि कागदाच्या वरच्या कोपऱ्यात तुमचं लक्ष किती वेळा हललं याचे आकडे छापलेले असतात, ते डॉक्टरांनी बघितले की नाही तेवढं विचारा. फील्ड वाईट आली तर ती आजाराने आली की पेंगल्याने, हे त्यावरून कळतं.

जोडीला ओसीटी, म्हणजे डोळ्याच्या आतला पडदा आणि नसेचं तोंड यांचा स्कॅन करतात. त्यात सूज मायक्रॉनमध्ये मोजता येते आणि मागच्या वेळेशी ताडता येते. पण इथे एक फसगत आहे. ओसीटीवर सूज उतरलेली दिसली की सगळे खूश होतात. सूज दोन कारणांनी उतरते, एकतर दाब कमी झाला म्हणून किंवा नसेचे धागे मेले म्हणून. मेलेला धागा सुजत नाही, नस फिकी पडते. दोन्हींत फरक फील्डशी ताडल्याशिवाय नीट कळत नाही. त्यामुळे ‘ओसीटी चांगला आलाय, फील्ड पुढच्या वेळी बघू’ असं कोणी म्हणालं तर नम्रपणे हट्ट धरा.

राहिलं डोकं. डोकेदुखी आणि नजर या आजारात एकमेकींच्या तालावर चालत नाहीत. अमेरिकेत या औषधाची मोठी चाचणी झाली, २०१४ साली तिचे निष्कर्ष आले. १६५ रुग्ण होते, नजरेचं नुकसान सौम्य. सगळ्यांना वजन उतरवणारा, कमी मिठाचा आहार दिला. निम्म्यांना वर डायमॉक्समधलंच औषध, ॲसिटाझोलामाइड, आणि निम्म्यांना तशीच दिसणारी पोकळ गोळी. औषधवाल्यांची फील्ड जास्त सुधारली, सूजही जास्त उतरली. डोकेदुखीत मात्र दोन गटांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. म्हणजे डोकं थांबलंय की नाही यावरून गोळीचं काम झालं की नाही हे ठरवता येत नाही. ती गोळी डोळ्यासाठी आहे. उलट बाजूही लक्षात ठेवा. दाब उतरल्यावरही काहींचं डोकं अर्धशिशीसारखं दुखत राहतं आणि त्याचा इलाज निराळा असतो. महिन्यात पंधरा-पंधरा दिवस वेदनाशामक गोळ्या खाल्ल्या तर त्या गोळ्यांनीच डोकं दुखायला लागतं.

मुंग्या त्रासदायक आहेत, मान्य. बोटांना, पायांना, कधी ओठांभोवतीही येतात. गोळी अंगात काम करतेय याचीच ती खूण, त्याने नसा खराब होत नाहीत. सोडा नुसता पाणचट लागतो, तोंडात धातूची चव राहते, लघवीला सारखं जावं लागतं, थकवा येतो. लडाखला जाणाऱ्या ट्रेकर मंडळींना विचारा, उंचीच्या त्रासासाठी तीही हीच गोळी घेतात आणि हीच तक्रार करतात. ‘उष्ण’ वगैरे मला मोजता येत नाही. पण मुतखडा होऊ शकतो, पोटॅशियम घसरू शकतं, म्हणून पाणी भरपूर प्या आणि रक्ताच्या तपासण्या सांगतील तेव्हा करा. अंगावर पुरळ आलं, कमरेतून कळा आल्या किंवा थकव्याने उठवेना, तर लगेच कळवा. सल्फाच्या औषधांची ॲलर्जी असेल तर तीही सांगा. सहन होत नसेल तर डोस हळू चढवता येतो, विभागून देता येतो, औषध बदलताही येतं. मनाने बंद करणं मात्र यातल्या कशातच बसत नाही.

गोळी दाब धरून ठेवते, मूळ कमी करतं ते वजन उतरवणं. तुम्हाला बारीक व्हा असं कोणी म्हणत नाहीये, आणि दिसण्यावरून ऐकलेले टोमणे इथे आणू नका. पाच-दहा टक्क्यांनीही फरक पडायला लागतो. आजार मागे हटायला पंधरा टक्क्यांपर्यंत, कधी जास्तही लागतं. तुमच्यासाठी पंधरा टक्के म्हणजे बारा किलो, जेवढं लग्नानंतर चढलं त्याहूनही थोडं कमीच. सातारा जिल्ह्यातल्या स्वयंपाकघरात मी पहिला हात कशाला घालीन? भाकरीला नाही. चहाबरोबरच्या खारी-बिस्किटांना, फरसाणाला, आणि उपासाच्या त्या साबुदाण्याला, ज्यात शेंगदाण्याचं कूट आणि तूप मुठीने पडतं. उपासाने वजन घटतं हा समज आमच्याकडे फार घट्ट आहे. आठवड्यातून दोनदा साबुदाणा खाऊन कोणाचं घटलेलं मी तरी पाहिलं नाही. लोणचं-पापड कमी करा, मिठासाठी. आहारतज्ज्ञ गाठता आला तर उत्तम. वजन उतरवायची इंजेक्शनं सध्या गाजतायत, पण ती स्वतःच्या मनाने घेऊ नका. मूल हवं असेल तर गर्भ राहण्याच्या आधी काही काळ ती थांबवावी लागतात. वजन फारच जास्त असेल तर पोटाच्या शस्त्रक्रियेचा विचार होतो. इंग्लंडमधल्या एका चाचणीत तिने नुसत्या आहार-कार्यक्रमापेक्षा दाब जास्त उतरला. तुमच्यासाठी तो विचार करायचा का, हे उंची-वजन बघून डॉक्टर ठरवतील. आणि घोरत असाल, दिवसा पेंग येत असेल, तर सांगा. झोपेत श्वास अडकणंही दाबाला हातभार लावतं.

नाकातलं तूप. त्याने डोळ्याच्या नसेची सूज उतरत नाही, आणि मला धास्ती वेगळीच आहे. दाब वाढलेल्या काही रुग्णांत ते मेंदूभोवतीचं पाणी नाकातून गळायला लागतं. वाकलं की एकाच नाकपुडीतून पाण्यासारखं स्वच्छ, खारट थेंब-थेंब. सर्दी समजून लोक महिनोन्महिने काढतात. तसं काही होत असेल तर आधी सांगा, आणि नाकात काहीही सोडू नका.

कॅप्सूलींचं तर उलटंच आहे. व्हिटॅमिन ए जास्त झालं तर हाच दाब वाढतो. कॉड लिव्हर ऑइलमध्ये ते असतं. एखाद्या कॅप्सूलमध्ये फार नसेल, पण नजर सुधारायची म्हणून कोणी मूठभर खायला लागलं तर? डबा सासूबाईंच्या मायेसकट बाजूला ठेवा. गाजर, पालक, शेवगा खुशाल खा, त्याने दाब वाढत नाही. याच संदर्भात आठवा, गेल्या वर्षी मुरुमांसाठी कुठली औषधं चालू होती का? आयसोट्रेटिनॉइनच्या कॅप्सूल, डॉक्सिसायक्लिन किंवा मिनोसायक्लिनच्या गोळ्या? मेडिकलवाल्याने चिठ्ठीशिवाय दिलेल्याही धरा. या औषधांनी दाब वाढू शकतो आणि बंद केल्यावर बहुधा उतरतो.

एम्प्टी सेलाचं थोडक्यात. मेंदूच्या तळाशी हाडात एक खळगा असतो, त्यात पिट्युटरी ग्रंथी बसते. वरच्या पाण्याचा दाब तिला चपटं करतो आणि स्कॅनमध्ये खळगा रिकामा दिसतो. मेंदूत पोकळी नाही. वाढलेल्या दाबाचा तो पुरावा, तेवढंच. पाळी अगदीच अनियमित असेल किंवा स्तनातून पाझर येत असेल तर हार्मोन्स तपासून घ्या. नाहीतर ते दोन शब्द विसरा.

पाठीतून पाणी काढल्याने माणूस लुळा पडतो ही भीतीही तुमच्या घरात कोणी बोलून दाखवली असेलच. मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो, सुई त्याच्या खाली घालतात. काढलेलं पाणी काही तासांत भरून निघतं. म्हणूनच दर महिन्याला पाणी काढत राहणं हा इलाज नव्हे.

नजर जाईल का? आजार वेळेवर कळला आणि फील्डवर नजर ठेवली तर बहुतेकींची राहते. ही खोटी समजूत घालत नाही. पण थोड्या जणींत आजार आठवड्यांत झपाट्याने वाढतो. काळोखाची झापड लांबायला लागली, एकाच्या दोन वस्तू दिसायला लागल्या, कडेचं दिसेनासं झालं, रंग विटल्यासारखे वाटले किंवा एका डोळ्याचं अचानक कमी झालं, तर सकाळची वाट बघायची नाही. डोळ्यांचे, मेंदूचे आणि मेंदूची शस्त्रक्रिया करणारे असे तिघेही जिथे आहेत अशा मोठ्या रुग्णालयात त्याच दिवशी. तिथे नसेच्या आवरणाला खिडकी पाडून दाब मोकळा करतात, नाहीतर शंट, म्हणजे बारीक नळी बसवून पाणी पोटात वळवतात. काही निवडक रुग्णांत मेंदूच्या अरुंद झालेल्या शिरेत स्टेंट घालतात. तशी वेळ आली तर रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला महात्मा फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं ते पहिल्याच दिवशी विचारा, डिस्चार्जच्या वेळी नाही.

पुण्याच्या खेपांवर तोडगा आहे. फील्ड आणि ओसीटीची यंत्रं काचबिंदूच्या रुग्णांना रोज लागतात, त्यामुळे ती कऱ्हाड-साताऱ्यातही मिळतील. दर वेळी त्याच ठिकाणी, त्याच प्रकारची टेस्ट करा. मूळ कागद फाइलला लावा, स्पष्ट फोटो पुण्याच्या डॉक्टरांना पाठवा आणि प्रत्यक्ष कधी यायचं ते त्यांना ठरवू द्या.

मुलाचं. हा आजार आहे म्हणून आई होता येत नाही असं नाही. नेहमीसारखी प्रसूतीही होते, सिझर लागलं तर ते बाळंतपणाच्या कारणाने. पण क्रम पाळा. आधी सूज आणि फील्ड स्थिरावू दे, वजन खाली येऊ दे, मग. गर्भाच्या पहिल्या तीन महिन्यांत डायमॉक्स शक्यतो टाळतात, म्हणून प्रयत्न सुरू करण्याआधी दोन्ही डॉक्टरांना सांगा. डोकेदुखीसाठी कोणी टोपिरामेट दिलं तर मूल हवंय हे त्याच क्षणी बोला, त्या गोळीने बाळात व्यंग येण्याचा धोका आहे. हिमोग्लोबिन आणि बीपी एकदा बघून घ्या. फार कमी रक्त किंवा फार वाढलेलं बीपी, दोन्हींनी नस सुजते.

पाळी पुढे ढकलायची गोळी घेऊ नका. बहुतेक करून ती नॉरएथिस्टेरॉन असते. तिचा काही भाग अंगात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो आणि रक्ताची गुठळी होण्याची शक्यता वाढते. मेंदूच्या शिरेत गुठळी झाली तर डोकेदुखी, उलट्या, नसेला सूज, सगळं तुमच्या आजारासारखंच दिसतं. फक्त इलाज पूर्ण वेगळा, रक्त पातळ करण्याचा, आणि चुकला तर जिवाशी खेळ. सणासुदीत मैत्रिणीने दिलेली, दुकानातून आणलेली ती गोळी घेऊन असं झालेल्या बायका आपल्याकडचे डॉक्टर पाहतात. गौरींना नैवेद्य यंदा जाऊबाई दाखवतील.

यावरून मला तुम्हाला विचारायचंय. डोकं दिवाळीपासून दुखतंय म्हणता. गेल्या गणपतीत किंवा दसऱ्याला ती गोळी घेतली होती का? घेतली असेल तर फोनवर तेही सांगा. आणि फाइल उघडून बघा, एमआरआयबरोबर शिरांचा फोटो, म्हणजे एमआर व्हेनोग्राम, काढला होता का. बहुधा काढला असेलच, पण रिपोर्टमध्ये ‘व्हेनोग्राम’ किंवा ‘एमआरव्ही’ हा शब्द कुठेच दिसला नाही, तर पुण्याला जाताना पहिला प्रश्न तोच विचारा.